पाट

टेलफर्डच्या गोदामात मागच्या भिंतीला
पाणी ओढायच्या नळ्या टांगल्या आहेत, माना वाकवून.
ऑल्विन एकेक उतरवून माझ्या हातात देतो.
ही चार फवाऱ्यांची, ही सहा.
हिच्या ओठाला टेफ्लॉनची पट्टी, कार्पेटवरून लोण्यासारखी सरकते,
खांदा वाचतो.
मी काही खांदा वाचवायला आले नाही, असं म्हणणार होते,
म्हटलं नाही.
अकरा वर्षं झाली उजव्या खांद्याला या धंद्यात.

पण माझं लक्ष कोपऱ्यात.
तिथं एक बुटकं, जड काहीतरी, जेवायच्या पाटाएवढं,
वर दोन पावलं मावतील इतकी जागा,
पोटातून एक जाड पाइप.
"ते पुराच्या घरांसाठी," ऑल्विन म्हणतो.
"वर उभं राहायचं. बाकी काही नाही."

गेल्या फेब्रुवारीत कोलहॅममध्ये
सेव्हर्न मिसेस प्रिचर्डच्या बैठकीत आली, वीतभर, आणि गेली.
मी तीन तास नळी ओढली.
तळवा टेकवला, कोरडा.
गुडघा टेकवला, कोरडा.
गुडघा घाईत होता, एवढंच.
तिनं पैसे दिले, वर आल्याचा केक.
नवव्या दिवशी फोन : वास येतोय गं.
कोपरा उचलला तर खालचा फोम
दुधात बुडवलेल्या पावासारखा,
आणि त्यावर बारीक काळी रांगोळी.
पैसे परत द्यायला गेले तर घेईना.
म्हणाली, मलाही कोरडंच लागलं होतं.

हे वाक्य मी कितीदा धुतलंय, निघत नाही.

ऑल्विननं नमुन्याच्या तुकड्यावर बादली ओतली.
आधी नळी, माझ्या आवडीची, हलकी.
पारदर्शक पाइपातून पाणी धावलं,
मग फेस, मग नुसती हवा शिट्ट्या मारत.
"झालं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, झालं.
एरवी मी इथंच मशीन बंद करते,
बिल लिहायला बसते.

मग पाटावर उभी राहिले.
काही करायचं नव्हतं. ढकलायचं नाही, ओढायचं नाही,
फक्त असायचं, तसूभर सरकायचं, पुन्हा असायचं.
आणि पाइप भरला.
जिथं काही उरलं नव्हतं तिथून
गढूळ, अखंड,
पाटाला यावं तसं पाणी.

ऑल्विननं मला खालून वर पाहिलं, नम्रपणे.
"वजन किती तुमचं?"
एकोणपन्नास.
त्यानं मान हलवली, जणू माप चुकलेल्या शिंप्यानं.
"सत्तरच्या पुढं खरं काम करतं हे.
वजनं मिळतात, पाच-पाच किलोची. अडकवता येतात."

सहाशे चाळीस पौंड, वजनांचे वेगळे.
व्हॅनची तपासणी मार्चमध्ये.
दारियुश सकाळीच म्हणाला होता, हलकी नळी घे,
ती रोज लागते, पूर काय वर्षातून एकदा.
त्याचं बरोबर आहे. त्याचा हिशेब नेहमीच बरोबर असतो.
आणि कोलहॅमला तो आला नव्हता.

मी पाट घेतला.
चार वजनं घेतली, जमेल तेवढी.
नळीसुद्धा हातात धरून पाहिली पुन्हा एकदा,
भिंतीवर ठेवली.

पाट मागे गेला, दोऱ्यांनी बांधून.
वजनं शेजारच्या सीटवर.
शहराच्या वेशीपर्यंत गाडी टीं टीं करत राहिली.
आधी वाटलं इंजिन, मग वाटलं दार.
मग कळलं, तिला वाटतंय
कोणीतरी बसलंय माझ्याशेजारी, पट्टा न लावता.

बसथांब्यापाशी थांबले.
वीस किलो लोखंडावरून पट्टा ओढला,
खटका लावला.
मग दोघीही गप्प झालो, गाडी आणि मी.