शिंकांची वही

मेश्राम डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या देईन,
पण आधी महिनाभर वही लिहा.
कधी, कुठं, काय खाल्लं, काय हुंगलं,
शिंका मोजून.

मोनालीच्या बारावीची प्रॅक्टिकलची वही सापडली,
एक पान रेघांचं, एक कोरं.
पुढच्या पानांवर तिचे क्षार नि त्यांचे रंग,
मागं माझं नाक.

१७ ऑक्टोबर. पहाटे पाच. अकरा शिंका.
डोळे लाल, टाळूला खाज.
गोळीबार चौकाकडून सातवीण फुलल्याचा वास,
डोकं गच्च.
तिच्यावर पहिला संशय.

१८. सकाळी नऊ शिंका. मग तर्रीपोहे, नाक वाहिलं.
पण तर्रीनं नाक वाहत नाही
असा माणूस टिमकीत दाखवा.
खोडलं.

२३. कूलर माळ्यावर चढवला.
ताट्यांतलं वाळकं गवत सगळं अंगावर.
चौदा. जिन्यात दम लागला, मधल्या पायरीवर बसले.
दोन प्रश्नचिन्हं.

२६. परातेवहिनींची मांजर पायात घोळली,
मांडीवर झोपली, केस सोडून गेली.
काहीच झालं नाही.
पाच वर्षं तिला हाकलत होते मी, उगाच.

नोव्हेंबरात भाऊबीजेला उमरेडला गेले, सहा दिवस राहिले.
लिहायला काही नव्हतं, म्हणून लिहिलं नाही.

बाईंनी वही उघडली
आणि भरलेली पानं भराभर उलटली.
कोऱ्या तारखांवर मात्र त्यांचं बोट थांबलं.
इथं कुठं होता तुम्ही?
भावाकडं.
तिकडं सातवीण नाही?
आहे ना, त्याच्या फाटकातच आहे.
आणि हे शुक्रवार? सगळे शुक्रवार कोरे कसे?
संतोषीमातेचे उपवास धरता का?
नाही बाई, म्हटलं, गुरुवारी आमची चक्की बंद...
आणि माझं वाक्य मलाच ऐकू आलं.

खाली चक्की, वर आम्ही. सव्वीस वर्षं.
लग्नानंतर पंचविशीचा माणूस
रोज रात्री सत्तरीचा होऊन जिना चढायचा,
भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या,
न्हाणीतून निघाला की पुन्हा पंचविशीचा.
मला त्याचं फार हसू यायचं.
शर्ट माझ्या उशीवरच्या खुंटीला.
पहाटे पाचला तो मीच झटकायची,
गहू, ज्वारी, कुणाच्या बेसनाची चणाडाळ,
सगळ्या मोहल्ल्याची पोळी त्या एका शर्टावर,
मग बादलीत.

घरी आल्यावर वहीत रकाना भरायला घेतला.
कारण: हे.
लिहिलं आणि घाबरले.
नाव घ्यायची सवय नाही, त्यामुळं झालं,
पण कागदावर ते आरोपासारखं दिसत होतं.
खोडून लिहिलं, ह्यांचा शर्ट.
खोडलेलं जास्तच ठळक दिसायला लागलं.

त्यांनी वाचलं. चष्मा काढून, जवळ धरून, दोनदा.
काहून सांगितलं नाही आजवर, म्हणाले.
मलाच कुठं माहीत होतं?
मग गप्प जेवले.
पोळीचा तुकडा मोडताना
तिच्याकडं जरा नवख्यासारखं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी रात्री चक्कीचं शटर पडल्याचा आवाज आला,
पण जिना वाजला नाही.
खिडकीतून पाहिलं.
खांबाच्या दिव्याखाली बनियनवर उभे,
हातात शर्ट, झटकताहेत,
दिव्याभोवती पांढरं पांढरं पसरलेलं.
समोरचा पानठेलेवाला हसतोय.
भोंगाड्यांच्या पोरानं विचारलं असावं काहीतरी,
त्याला हातानंच, जा बे, म्हणाले.
शर्ट दुकानातल्या नव्या खिळ्याला अडकवला,
नळावर तोंड धुतलं, भुवया घासल्या.

आता तो शर्ट तेच धुतात,
कॉलर नीट निघत नाही, मी बोलत नाही.
शिंका अगदी गेल्या नाहीत.
बाई म्हणतात, घरभर मुरलंय ते, वेळ लागेल.
वही चालू आहे.
सकाळी शटर उचलायच्या आधी
ते खालूनच ओरडतात, किती?
मी खिडकीतून बोटं दाखवते.