रेघ

ट्रस्टच्या पारेखनं एक इमोजी धाडलं:
लाल गोल, आत फोन, वरून तिरकी रेघ.
खाली, "काका, आटलुं ज."

दांडिया बाजारातून लाल एनॅमल आणलं, पाव लिटर.
बडोद्यात चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या मी:
थुंकू नये, विडी ओढू नये, फुले तोडू नयेत.
लोक वाचायचे, आणि थुंकायचे.
आता शब्दच नकोत.

विश्वामित्रीकाठी, चितांच्या शेडबाहेर
पत्रा टेकवून बसलो.
गंमत अशी, की आधी फोन नीट काढावा लागतो,
गोल कोपरे, काच, काचेवरचा उजेडाचा ठिपका,
मगच खोडता येतो.
फोन चांगला आला. जरा जास्तच.

फाल्गुनात इथंच, चौथ्या ओट्यावर
धाकट्या भावाला, दिगंबरला, ठेवलं.
त्याचा हेरंब टोरांटोत, विमान मिळेना.
पाऊण तास मी हात वर करून उभा,
मोबाइल त्या बाजूला वळवून.
हात भरून आला. तिकडून तो म्हणाला,
"काका, जरा डावीकडे. धूर येतोय."

तेवढंच बोलला.

पारेखचं चुकत नाही. परवा कुणीतरी
चितेकडं पाठ करून, हसत, स्वतःचा फोटो काढला.

गोल झाला. फोन केव्हाच वाळला.
रेघ तेवढी राहिली आहे.
ब्रश घासलेटात बुडवून ठेवला
आणि पारेखला कळवलं:
उद्या करतो,
रंग अजून ओला आहे.