वरचे दोन

एल आल्तोच्या बाजारात गुरुवारी आणि रविवारी
मी निळं प्लास्टिक अंथरते,
चार कोपऱ्यांवर चार दगड.
वारा इथे गिऱ्हाइकाआधी येतो.

पाच बोलिव्हियानोला एक डिस्क.
मोबाइलचं कार्ड भरून हवं तर भाव बोलून ठरवू.
तीच डिस्क खाली ला पाझच्या काचेच्या दुकानात
ऐंशीला.
आमच्यातलं कुणी त्या दारातून आत गेलेलं
मी ऐकलेलं नाही.

एकदा कंपनीचा माणूस आला, सोबत दोन पोलीस.
माल रस्त्यावर ओतला, बुटांनी तुडवला.
"ही चोरी आहे, बाई."
आहेच. मी कधी नाही म्हटलं?
पण विचारायचं राहून गेलं,
ऐंशीला गाणं ठेवलंत तेव्हा
गिऱ्हाईक म्हणून डोळ्यांसमोर नेमकं कोण होतं?

मग जूनमध्ये, म्हणजे आमच्या कडाक्याच्या थंडीत,
एक माणूस बराच वेळ उभा राहिला.
कानटोपी, काखेत कापडात गुंडाळलेला चारांगो,
तान्ह्या मुलाएवढा.
स्पीकरवरचं गाणं थांबलं
तर म्हणाला, "संपलं नाही ते."
"म्हणजे?"
"एक कडवं राहिलं. आईचं नाव त्यातच आहे."

कुणीतरी कुठेतरी घाईत कापलं असणार,
त्याची नक्कल, नकलेची नक्कल, आणि मग मी.
फाउस्तो अपासा. डिस्कवर नाव त्याचं होतं,
फोटो भलत्याचाच.
तिथेच बटाट्याच्या पोत्यावर बसून
त्याने राहिलेलं कडवं म्हटलं, आयमारात.
शेजारची नेमेसिया लोकर निवडायची थांबली.

ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही.
विचारलं, "तुला काय मिळतं यातलं?"
तो हसला. पुढचे दोन दात नव्हते.

तर आता त्याची डिस्क सातला.
नकला मीच काढते, पण त्याला विचारून,
त्याने आणून दिलेल्या अख्ख्या गाण्यावरून.
पाच माझे. वरचे दोन
दूध पावडरच्या डब्यात.
"पलीकडे पाचला आहे," लोक म्हणतात.
"घ्या की. शेवटचं कडवं नसेल."
काही जातात पलीकडे.
काही जातात आणि परत येतात.

बाकीची गाणी मी अजून पाचलाच विकते,
साध्वी वगैरे झालेली नाही.

मागच्या गुरुवारी डब्यात अठ्ठावीस निघाले.
फाउस्तोने दोनदा मोजले,
मग वाकून एक डिस्क उचलली,
पोतोसीकडच्या कुठल्याशा बाईच्या आवाजाची,
आणि सात ठेवले प्लास्टिकवर.
"पाचच," मी म्हटलं.
"वरचे तिचे. कधी आली तर."

आता दोन डबे झालेत.
तिचा पत्ता कुणालाच माहीत नाही.