हळदीचा सूर्य

दोन वाट्या कॉर्नफ्लोअर, दोन वाट्या पाणी,
मफिनच्या साच्यात सहा खळगे:
बिटाचा, पालकाचा, सकाळच्या उरल्या कॉफीचा रंग.
हळद मी हात राखून घातली,
सांगलीची, शेवटची पुडी.

शेजारचा डेक्लन म्हणाला, फेस पाहिजे,
आणि खायचा सोडा उपडा केला पिवळ्यात.
पिवळा दचकला. विटकरी, मग जवळजवळ लाल.
रेवती किंचाळली, 'बिघडवलंस!'

मी बोट बुडवलं.
हळदीच्या पोटात कुंकू असतं,
हे मला ठाऊक होतं की.

स्विंडनमध्ये रात्रीचे नऊ,
उजेड अजून कुंपणावर बसलेला.
फरशीवर लाल सूर्य वाळतोय,
कडेला डेक्लनच्या बुटाचा ठसा.

झोपायच्या आधी सगळं धुवायचं, असं ठरलं होतं.
पाइप कुठे ठेवलाय,
मला आठवत नाही.