बावीस फूट

शाहूपुरीत, गुळाच्या पेढीवर
प्रिंटर गल्ल्यापासनं उचलून
आत, तवनाप्पांच्या खाटेशी न्यायचा होता.
'आवाज लागत नाही त्यांना,' सून म्हणाली,
'मग सीझन संपला का विचारत बसतात.'
कंपनीची वायर सहा फूट.

उद्यमनगरातनं जाड केबल आणली.
पंचवीस पिना, पंचवीस तारा,
राळेचा धूर डोळ्यांत.
तेरा-चौदाची अदलाबदल झाली,
परत उकललं.
सांगितलं होतं मी, पंधरा फुटांपुढं
अक्षरं वाटेतच दमतात.

दुपारी पहिली पट्टी निघाली.
रवे बावन्न, हमाली, तोलाई,
कर्र कर्र
खर्र
म्हाताऱ्याचे डोळे मिटलेले.
मधेच बोट वर केलं,
'तिसरी ओळ चुकली.'

बघितलं. गूळ कुठंच नव्हता,
त्या जागी दोन चौकोन नि एक प्रश्नचिन्ह.

सात फूट तार कापली.
मग मी आणि हमाल यल्लाप्पा,
दोघांनी खाटच ओढली उंबऱ्यापर्यंत.

आता तवनाप्पा दारातच झोपतात.
शेतकरी, अडते, चहावाला पोरगा
वळसा घालून जातात,
आणि कागद संपला की
सगळ्यांच्या आधी
त्यांनाच कळतं.