टेबलाची उंची

आधी हात धू, वेंके. केकचं लोणी रुळांना लागलं
की आठवडाभर गाडी अडखळते,
आणि आपण ट्रान्सफॉर्मर उघडून बसतो.

हे कापड सुती आहे, माझ्याच जुन्या शर्टाचं.
त्यावर स्पिरिटचे चार थेंब, आणि बोट रुळावरून सरळ पुढं.
सँडपेपर या घरात आणायचा नाही.
डिटमारनं आणला होता एकदा.
रूळ लखलखले, पंधरा दिवस.
मग त्या ओरखड्यांत काजळी जी बसली
ती बसलीच.

तेल डोळ्यांत घालायचं, इंजिनात नाही.
इंजिनाला सुईच्या टोकावर मावेल एवढंच,
आसाच्या शेवटाला.
जास्त झालं की ते चाकांवर उतरतं, चाकांवरून रुळांवर,
आणि चढाच्या मध्यावर इंजिन
जागच्या जागी चाकं फिरवत राहतं.

चढ म्हणशील तर मीटरला तीन सेंटिमीटर.
चार सांगणाऱ्यांनी आधी सहा डबे ओढून दाखवावेत.
वळण मावेल तेवढं मोठं घे.
हात पोचेल तिथवरच रूळ टाक;
आजचा हात नाही, म्हातारपणचा हात.
आणि बोगद्यावरचा डोंगर उचलता आला पाहिजे.
गाडी अडकते ती नेमकी आतच.

तारांचं सांगतो. दर मीटरला नवी जोडणी दे,
रुळांच्या सांध्यांवर वीज सोपवू नकोस.
प्रत्येक तारेला चिठ्ठी लाव. आज वाटतं, लक्षात राहील.
नाही राहत.
ही बघ, खाली वाकून, ही हिरवी तार.
चिठ्ठीवर इर्मट्राउडचं अक्षर आहे:
'हिला हात लावू नकोस.'
एवढंच. कशाची तार, मला आजही ठाऊक नाही.
मी हात लावत नाही.

आणि भिंतीवरची ती तपकिरी रेघ.
ऑगस्टात एल्बे नदी तिथवर चढली होती,
पिर्नाच्या या गल्लीतल्या सगळ्या तळघरांत.
टेबल तेव्हा माझ्या कमरेएवढं होतं.
पाणी ओसरल्यावर चिखलात हात घालून
अडतीस इंजिनं काढली.
तीन शेजारच्या तळघरात निघाली,
बटाट्यांच्या पोत्यामागं.
शुद्ध पाण्यानं धुतली, एकेक स्क्रू सोडून.
वाळवायची कुठं? सगळं गावच ओलं.
टेकडीवरच्या क्रेचमारबाई म्हणाल्या, आणा इकडे.
भट्टी विझल्यावरच्या उबेत, पावाच्या ट्रेवर,
रात्रभर एकेचाळीस इंजिनं.
एक अजून, मोटर तापली की,
शहाजिऱ्याचा वास सोडतं.

म्हणून टेबल रेघेच्या हातभर वर आहे
आणि तुझ्या हनुवटीला लागतं. स्टूल घे.
लोक म्हणतात, इथं बसून खेळता येत नाही.
नाहीच येत.

आता हा सहा नंबरचा काटा.
मंगळवारपासून पोस्टाचा डबा इथं घसरतोय.
इंजिनाला दोष देऊ नकोस.
डबा बोटानं उलटा ढकल. हळू. कान लाव.
टक् झालं? तिथंच.
चाकांमधलं अंतर मोज, केसभर कमी असेल.
आहे ना? मग चाक आसावर जरासं फिरवत बाहेर ओढ.
जोर नको.
छान.

सुई तूच धर. माझा हात आज बरा नाही,
काल पण नव्हता.
एक थेंब.
दुसरा नाही, वेंके! पूस तो.

बटण इतक्यात नको.
आधी फलाटावरची ती लाल सुटकेसवाली बाई उभी कर,
नखाएवढी आहे, चिमट्यानं धर.
प्रत्येक गाडीच्या हादऱ्यानं ती आडवी होते.
डिटमार म्हणतो, पायाला डिंक लावून टाक.
लावायचा नाही.
का, ते पुढच्या शनिवारी.

दाब.