डावं बटन

घरडे सरांनी फळ्यावर अर्धा द्रोण काढला
आणि म्हणाले, हे अँड गेट.
दोन तारा आत, एक बाहेर.
मग पळसाचं एक पान, देठाकडून आत दबलेलं,
टोक पुढे. हे ऑर.
मग त्रिकोण, आणि त्याच्या टोकाशी बारीक गोल.
मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, सर, नाकात चमकी!
सर म्हणाले, हो, आणि ती चमकीच सगळं उलटं करते.

ऑर मला लगेच कळलं.
आई नाहीतर मावशी, एकीनं हाक मारली तरी उठावं लागतं.
नॉट म्हणजे आमचे बाबा.
अँडचा मात्र तक्ता उतरवताना पेन थांबला.

शून्य शून्य, शून्य.
शून्य एक, शून्य.
एक शून्य, शून्य.
एक एक, एक.

चारच ओळी.
त्यातल्या पहिल्या दोन
आमच्या शेडमध्ये नाहीत.

समाजमंदिराच्या मागे, टिनाखाली
बचत गटाची पत्रावळीची मशीन आहे.
वरचा साचा तापतो, खाली येतो,
पानांना काठ देऊन वर जातो.
तिला दोन बटनं, हातभर अंतरावर.
दोन्ही दाबली तरच साचा उतरतो.
कंपनीचा माणूस बसवताना म्हणाला होता,
बाई, दोन्ही हात बटनावर असले
म्हणजे साच्याखाली एकही नाही.
चहा पिऊन तो गेला. अँड हा शब्द काही बोलला नाही.

मागच्या वर्षी लग्नं निघाली
तेव्हा कौतिका मावशीनं सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली
आणि डावं बटन करकचून बांधून टाकलं.
डावा हात मोकळा, पान सरकवायला.
दिवसाच्या सातशे होत होत्या, हजार व्हायला लागल्या.

मी सरांना विचारलं,
एक तार कायमची एकला चिकटली तर?
त्यांनी डस्टर खाली ठेवलं.
मग ते गेट उरत नाही, आचल.
दिसतं गेटासारखं. आत नुसती तार.
दुसरी बाजू म्हणेल तेच बाहेर.

सानगडीच्या एसटीतून उतरले ती थेट शेडमध्ये.
पट्टी ब्लेडनं कापली.
"काऊन वं! सकाळी गाडी येते, बाराशे नग पाहिजे!"
मी टिनावर खडूनं तक्ता काढला,
शून्याच्या जागी रिकामा द्रोण, एकाच्या जागी पान.
मालनबाईनं दोनदा वाचला,
आईनं बोट ठेवून वाचला.
चूक सापडेना.
सापडली मावशीलाच:
"तुया गेटाले समजते का वं,
बटन हातानं दाबलं का रबरानं?"

नाही समजत.
एक म्हणजे एक.
कोणी दिला, कशापायी दिला,
गेट विचारत नाही.

तेव्हा मी तिचा डावा अंगठा नीट पाहिला.
नखाच्या जागी चपटी, गुळगुळीत कातडी,
साच्यातून निघाल्यासारखी.
चुलीवर भाजला, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं.
मीही तेच धरून चालले होते.
तिनं अंगठा मुठीत घेतला
आणि पानं भिजवायला गेली.

सर सांगतात, पुढच्या सत्रात वेगळी जोडणी शिकवीन.
तिचं बाहेरचं टोक वळून पुन्हा आत येतं,
म्हणून तिला मघाचं आठवतं.
मला तसलीच एक हवी आहे.
साचा उतरवण्याआधी तिनं बघावं,
हे बटन मधे सुटलं होतं का,
पळभर तरी शून्य झालं होतं का.
रबराला सुटता येत नाही.
हाताला येतं.

तोवर मावशी दोन्ही हातांनी दाबते.
दिवसाला सातशे.
दर खेपेला मला एक शिवी घालते,
आणि मी बाजूला वही घेऊन
पत्रावळ्या मोजते.